वेदीमागचा अभ्यास

भोपाळहून इंदूरच्या रस्त्याला लागले की सिहोर मागे पडल्यावर आष्टा येते. चहूकडे गहू-सोयाबीनची शेते आणि मधोमध तालुक्याचे गाव. या गावात ख्रिस्त प्रेमालय नावाची सेमिनरी आहे, कॅथलिक धर्मगुरू घडवणारी प्रादेशिक संस्था. इथे येणारा विद्यार्थी अगदी कोवळा नसतो. बारावीनंतरची तयारी, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम आणि एखाद्या पॅरिशमध्ये किंवा शाळेत केलेले काम एवढे त्याच्या गाठीशी असते. पुढची चार वर्षे ईश्वरविद्येची. बारावी झाल्यापासून धर्मगुरूपदाची दीक्षा मिळेपर्यंत नऊ-दहा वर्षे सहज जातात, काही संन्यासी संघांत त्याहूनही जास्त. एमबीबीएस होऊन गावात दवाखाना थाटायला याहून कमी वेळ लागतो.

मग एवढी वर्षे हा मुलगा शिकतो तरी काय? नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. रविवारी तासभर चालणारी उपासना बाहेरून सोपी दिसते. ठरलेल्या प्रार्थना, ठरलेले शास्त्रपाठ, चार गाणी, एक प्रवचन. पण त्या तासाला दोन वेगळ्या विद्या लागतात. एक ग्रंथालयात बसून मिळते: बायबल, धर्मसिद्धांत, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र. दुसरी लोकांसमोर उभे राहून मिळते: आवाज, सूर, भाषा, हालचाल, शांतता. कितीतरी शतके पहिलीला विद्येचा मान होता आणि दुसरीला हातकामाचा. भारतात, विशेषतः मराठी मुलखात आणि मध्य भारतात, दुसरीला तिची योग्य जागा कशी मिळत गेली, ही कथा सांगण्याजोगी आहे.

सेमिनरी ही संस्था येशूच्या काळापासून चालत आलेली नाही. मध्ययुगीन युरोपात गावचा होतकरू पोरगा जुन्या पाद्रीच्या हाताखाली राहून काम शिकत असे. जो शिकवणारा, तसा शिष्य. आपण म्हणतो त्या लॅटिन प्रार्थनांचा अर्थही न कळणारे पाद्री ठिकठिकाणी होते, आणि धर्मसुधारणेच्या चळवळीने नेमक्या त्याच दुखण्यावर बोट ठेवले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५ जुलै १५६३ रोजी ठराव केला: प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांतात धर्मगुरूंसाठी शाळा काढावी. कॅथलिक सेमिनरीचा खरा जन्म तो.

हे वारे गोव्यात पोहोचायला फार दिवस लागले नाहीत. जेझुइटांनी १५७४ मध्ये मडगावला विद्यालय काढले आणि १६१० मध्ये ते राशोलला हलवले. जुवारी नदीकाठच्या टेकडीवरची राशोलची सेमिनरी आजही चालू आहे. या जेझुइटांपैकी एक होते फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज गृहस्थ १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तिथल्या साष्टी भागात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक साधी, पण टोचणारी तक्रार होती. जुनी पुराणे सुटली, आता ऐकायचे काय? स्टीफन्सनी उत्तर दिले ते प्रबंध लिहून नव्हे. त्यांनी ओवी हाती घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले. अक्षरे रोमन, भाषा मराठी. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या. देवळात लोक ते मोठ्याने म्हणत आणि ऐकत.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. स्टीफन्स ट्रेंटच्या साच्यातले विद्वान होते आणि सिद्धांतात तसूभरही हलले नाहीत. तरीही साष्टीतल्या माणसाच्या कानात कोणता छंद मुरलेला आहे, हे त्यांनी आधी शोधले. उपासना चालवणाऱ्याने पहिल्यांदा काय करावे, याचा याहून चांगला धडा मराठीत दुसरा नाही. दुर्दैवाने त्यांच्यामागून गोव्यात स्थानिक भाषांवरच बंदी आली आणि हा धडा दोनशे वर्षे बासनात गेला.

मराठीतला पुढचा मोठा प्रयोग झाला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले. मुंबईतच जन्मलेल्या रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी १८७८ मध्ये तिथे धर्मशिक्षणाची सेमिनरी सुरू केली. भोवतालच्या खेड्यांतून येणारे, बहुतेक महार आणि मांग समाजातले तरुण तिथे शिकून पाळक आणि उपदेशक होत. शिकवायची भाषा मराठी. अडचण होती ती गाण्यांची. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे केली होती आणि ती इंग्रजी चालींवरच बसवली होती. इंग्रजी चालीचा ठोका जिथे पडतो, तिथे मराठी शब्दाचा ऱ्हस्व उच्चार येई. लहान अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर आखडून जाई, आणि शब्द कानाला परका वाटे. शिवाय ही गाणी पुस्तकात पाहून म्हणायची, आणि मंडळीत बसलेल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते.

तोडगा कीर्तनात होता. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती पदे रचली आणि येशूच्या कथेवर कीर्तने केली. टाळ, मृदंग, झांजा हे सगळे आले. नारायण वामन टिळकांनी तर या परंपरेला शिखरावर नेले. टिळक कोकणातल्या करजगावचे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते नगरच्या सेमिनरीत शिकवू लागले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या हातातल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आजही त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे.

टिळकांचे काम केवळ कवित्वाचे मानणे अपुरे ठरेल. अभंगाच्या चालीत म्होरक्या एक ओळ म्हणतो आणि सगळे जण ती उचलतात. पुस्तक लागत नाही, वाचता यावे लागत नाही. तिसऱ्या वेळेला म्हातारीसुद्धा धृपद म्हणू लागते. म्हणजे टिळकांनी नुसती गाणी बदलली नाहीत, देवळात कोण बोलू शकते ते बदलले. ज्यांना गावच्या मंदिराच्या पायरीवरही उभे राहू देत नव्हते, त्या माणसांचा आवाज आता उपासनेच्या मधोमध आला. सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्या उपदेशकाला या चाली येणे ही मग शोभेची गोष्ट राहिली नाही, ती गरज झाली.

टिळकांच्या प्रभावाखाली आलेल्यांत जॅक विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू होते. १९२० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय वळणाची प्रभुभोजनाची उपासनापद्धती प्रसिद्ध केली आणि १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. पुढे संघाचे बिऱ्हाड पुण्यात आले. १९२७ मध्ये याच संघात दाखल व्हायला ऑक्सफर्डहून एक तरुण आला. तिथल्या विक्लिफ हॉल या धर्मविद्यालयाचा तो उपप्राचार्य होता. नाव व्हेरियर एल्विन. काही वर्षांत तो पुणे सोडून मंडला भागातल्या गोंडांमध्ये राहायला गेला, मिशनरीपण त्याने सोडले आणि मानववंशशास्त्रज्ञ झाला. सेमिनरीतून निघालेला प्रत्येक रस्ता वेदीकडेच जातो असे नाही.

लॅटिन परंपरेच्या कॅथलिकांकडे या काळात सगळे लॅटिनमध्ये चालले होते. मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, लॅटिन, धर्मगुरूची पाठ लोकांकडे, सेमिनरीतली पाठ्यपुस्तकेसुद्धा लॅटिन. भाविक आपापली जपमाळ ओढत बसत. उपासनाशास्त्र म्हणजे बहुतांशी नियमांचे पाठांतर होते: कोणता हात केव्हा उचलायचा, गुडघा कुठे टेकायचा, कोणत्या रंगाचा झगा कोणत्या सणाला घालायचा.

हे सारे बदलले १९६३ मध्ये, आणि या बदलाशी भोपाळचे नाते नुसते योगायोगाचे नाही. भोपाळ शहरात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. फ्रान्सच्या राजघराण्याशी आपले नाते सांगणारे बुर्बों कुटुंब इथल्या नवाबांच्या आणि बेगमांच्या दरबारात मानाच्या जागी होते, आणि जहांगीराबादचे चर्च त्याच घराण्यातल्या इसाबेला बुर्बों यांच्या पुढाकाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. शहराला स्वतंत्र आर्चडायोसिस, म्हणजे महाधर्मप्रांत, मात्र १३ सप्टेंबर १९६३ रोजी मिळाले. पहिले आर्चबिशप युजीन डिसूझा हे नागपूरहून आले. तिथे ते आर्चबिशपच होते. त्या वेळी रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. तिथल्या भाषणांत डिसूझांनी रोमच्या केंद्रीय कारभाराच्या वर्चस्वावर टीका केली आणि स्थानिक बिशपांना निर्णयाचा हक्क हवा अशी बाजू मांडली. मध्य भारतातल्या एका नव्या, छोट्या धर्मप्रांताचा आवाज जगभरच्या बिशपांपुढे उमटला तो असा.

त्याच वर्षी ४ डिसेंबरला परिषदेने उपासनेविषयीची घटना मंजूर केली. बाजूने २,१४७ मते, विरुद्ध फक्त ४. लोकांच्या भाषेत उपासना करायची वाट या दस्तऐवजाने मोकळी केली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यात सेमिनरींसाठी दिलेले आदेश मात्र क्वचितच सांगितले जातात. सोळाव्या कलमात म्हटले आहे की उपासनाशास्त्र हा सेमिनरीतला सक्तीचा आणि प्रमुख विषय मानावा, आणि सिद्धांत किंवा बायबल शिकवणाऱ्यांनीही आपापल्या विषयाचा उपासनेशी असलेला संबंध दाखवावा. संगीताचे शिक्षण आणि सराव यांना सेमिनरींत मोठे महत्त्व द्यावे, असे पुढे ११५ वे कलम सांगते. ११९ वे कलम तर भारतासारख्या देशांसाठीच आहे: ज्या समाजांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिथे तिला योग्य मान मिळावा, आणि धर्मप्रसारकांनी त्या संगीताचे शिक्षण घ्यावे. स्टीफन्स आणि टिळक जे आपल्या अंगच्या समजेने करून बसले होते, ते आता अभ्यासक्रमात आले.

भारतात त्याची ठोस रूपे लवकर दिसली. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतीय बिशपांच्या विनंतीवरून बारा बदलांना मान्यता दिली. जमिनीवर बसून मिस्सा करता येईल. गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार किंवा पंचांग प्रणाम चालेल. वेदीचे चुंबन घेण्याऐवजी तिला स्पर्श करून बोटे कपाळाला लावता येतील. मेणबत्तीच्या जागी तेलाची समई, भरजरी झग्याच्या जागी अंगवस्त्रासारखी साधी शाल, आणि आरती. यावर वादही पुष्कळ झाले. हे सारे हिंदू वळणाचे आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. काही दलित ख्रिस्ती विचारवंतांचा प्रश्न याहून खोल होता. समई, संस्कृत श्लोक, कमळ ही भारताची खूण की भारतातल्या वरच्या जातींची? आमचा ढोल, आमची डफली यात कुठे आहे? हा प्रश्न सेमिनरीच्या वर्गात आजही विचारला जातो, आणि विचारला गेलाच पाहिजे. सुशोभित देशीपणा म्हणजे लोकांचे देशीपण नव्हे.

सूर शोधणाऱ्यांत फादर जॉर्ज प्रोक्ष यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. एस.व्ही.डी. (सोसायटी ऑफ द डिव्हाइन वर्ड) या संन्यासी संघाचे हे धर्मगुरू १९३२ मध्ये भारतात आले. संघाने इंदूर भागात काम सुरू केले तो हाच काळ. त्यांनी हिंदी शिकून, रागदारी समजून घेऊन ख्रिस्ती भजने रचली आणि पुढे मुंबईत अंधेरीला ज्ञान आश्रम काढला. ख्रिस्ताची कथा भारतीय नृत्यनाट्यातून मांडण्याचे त्यांचे प्रयोग त्या काळी अनेकांना धक्का देणारे होते.

आज सेमिनरीच्या वर्गात हे सगळे कसे उतरते? सिद्धांत, बायबल, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र आणि मंडळीचा कायदा हे कागदावरचे विषय झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये आणि रोमने पुन्हा २०१६ च्या मार्गदर्शक दस्तऐवजात या शिक्षणाची चार अंगे सांगितली: माणूसपणाची घडण, आध्यात्मिक घडण, बौद्धिक घडण आणि लोकांत काम करण्याची घडण. पहिले अंग नुसते शोभेचे मानू नये. ज्याला स्वतःचा राग ओळखता येत नाही, एकटेपणा पेलत नाही, अशा माणसाला शेकडो कुटुंबांच्या सुखदुःखात उभे करणे धोक्याचे असते.

शेवटच्या वर्षांतला सर्वांत जिवंत तास सरावाचा. दीक्षेआधीच्या महिन्यांत विद्यार्थी मिस्साची रंगीत तालीम करतात. मेजावर पांढरे कापड, रिकामा प्याला, थाळी, प्रार्थनाग्रंथ. समोर एखादे अनुभवी फादर बसलेले. द्राक्षरसात पाण्याचे थेंब घालायचे ते किती, हात पसरायचे ते कुठवर, भाकर उचलल्यावर किती वेळ थांबायचे, पान उलटताना आवाज होऊ द्यायचा का. नवखा विद्यार्थी हमखास घाई करतो. त्याला शांततेची भीती वाटते, म्हणून तो ती शब्दांनी भरून काढतो. शिकवणारा त्याला पुन्हा पुन्हा थांबवतो. पापनिवेदनाचीही अशीच तालीम होते. एक जण धर्मगुरू होतो, दुसरा नवरा-बायकोचे भांडण किंवा दारूचे व्यसन घेऊन समोर बसतो, आणि ऐकणे ही केवढी कठीण विद्या आहे ते तिथे कळते.

प्रवचनाच्या वर्गाचीही एक पद्धत आहे. विद्यार्थ्याला शुभवर्तमानातला उतारा मिळतो. तो आधी मूळ संदर्भ पाहतो: हे कोणी, कोणासाठी, केव्हा लिहिले, आणि त्या काळी ऐकणाऱ्याला ते कसे लागले असेल. मग तो वर्गापुढे बोलतो आणि सोबती टिपणे काढतात. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये कॅथलिक प्रवचनाची मर्यादा सांगितली: आठ मिनिटे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत अर्ध्या तासाच्या संदेशालाही कोणी फार मोठा म्हणत नाही. गंमत अशी की अवघड आठ मिनिटांचे असते. वर्षभर अभ्यासलेले ग्रीक आणि हिब्रू बाजूला ठेवायचे, पण त्यांनी शिकवलेला अचूकपणा सोडायचा नाही.

आणि सूर. भारतीय उपासनेत हार्मोनियमसमोर बसणारा माणूस निम्मी उपासना चालवत असतो. पुरुषांना साधारण काळी एक-दोनच्या आसपास मोकळे गाता येते, बायकांना काळी चार-पाच सोयीची पडते. देवळात दोघे एकत्र गाणार. म्होरक्याने आपल्या गळ्याला शोभेल असा वरचा सूर लावला की अंतऱ्याला निम्मी माणसे गप्प होतात. फार खाली लावला तर बायकांचा आवाज बुडतो. म्हणून मधला सूर धरायचा, चाल सोपी ठेवायची, तबला-ढोलक शब्दांवर चढू द्यायचे नाहीत आणि स्वतःचे आलाप आवरायचे. उपासनेचा म्होरक्या मैफलीचा गायक नसतो. लोक गाऊ लागले की त्याचा आवाज त्यांच्यात मिसळून जायला हवा. एवढी साधी गोष्ट अंगी यायला दोन-तीन वर्षे सहज लागतात, आणि सेमिनरीच्या वेळापत्रकात संगीताला मिळणारा वेळ अजूनही तोकडा आहे. सिद्धांताच्या तासांतले थोडे तास इकडे वळवले तर सिद्धांताचे काही बिघडणार नाही.

कारण सिद्धांत आणि उपासना ही दोन वेगळी खाती नाहीत, हे ख्रिस्ती परंपरेला फार पूर्वी उमगले होते. पाचव्या शतकातला ॲक्विटेनचा प्रॉस्पर म्हणत असे की मंडळी कशी प्रार्थना करते, त्यावरून तिने काय मानावे ते ठरते. याचे जुने उदाहरण बायबलमध्येच आहे. इसवी सन ५५ च्या सुमारास पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले. तिथे प्रभुभोजनाला जमल्यावर सधन लोक आधी येऊन पोटभर खात-पीत, आणि राबून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. पौल संतापला. ज्या जेवणात गरिबाला लाजवले जाते, ते प्रभूचे भोजन होऊच शकत नाही, असा त्याच्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचा मथितार्थ.

भारतीय वर्गात हा उतारा शिकवताना जात बाजूला ठेवता येत नाही. आपल्याकडच्या कित्येक मंडळ्यांत बसायच्या जागा वेगळ्या राहिल्या आणि दफनभूमीत भिंती उभ्या राहिल्या. या अनुभवातून एक अख्खी विचारधारा उभी करणारा माणूस मराठी होता. अरविंद निर्मल. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्र ईश्वरविद्येवर व्याख्यान दिले. दलित ईश्वरविद्या म्हणून पुढे जे ओळखले गेले, त्याचा हा आरंभ मानतात. नंतर चेन्नईच्या गुरुकुल लुथरन महाविद्यालयात त्यांनी या विषयाच्या विभागाचे नेतृत्व केले. निर्मल यांचे म्हणणे असे की भारतातले ख्रिस्ती बहुसंख्येने दलित असताना इथली ईश्वरविद्या मात्र वेदान्ताशीच संवाद करत राहिली. हे वाचल्यावर उपासना चालवणाऱ्याला भाकर कोण मोडते, पहिला घास कोणाला मिळतो, ढोल कोणाचा वाजतो, या गोष्टींकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

प्रोटेस्टंट शिक्षणाची चौकट थोडी वेगळी. बंगालातले श्रीरामपूर महाविद्यालय १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी काढले, डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदव्या देण्याची सनद दिली, आणि आज देशातल्या कितीतरी सेमिनरी श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. पुण्यातली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही इथली मुख्य पदवी. मेथडिस्ट आणि उत्तर भारत मंडळीत स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळते, त्यामुळे इथल्या वर्गांत मुलीही प्रवचनाचा सराव करतात. उत्तर भारत मंडळीची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली. सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या त्या दिवशी एक झाल्या, आणि सहा तऱ्हांच्या उपासनापद्धती एकाच पाळकाला समजून घ्याव्या लागल्या.

एकट्या मध्य प्रदेशातही हे वैविध्य भरपूर आहे. आष्ट्याला लॅटिन परंपरेचे कॅथलिक शिक्षण. सतन्याला सेंट एफ्रेम्स हे केरळच्या सिरो-मलबार परंपरेचे विद्यालय. त्यांची उपासना पूर्व-सिरियाक या प्राचीन पद्धतीतून आलेली आणि आता हिंदीत चालणारी. जबलपूरला मेथडिस्टांचे लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज, ज्याचा आरंभ १८७२ मध्ये बरेलीला झाला आणि १९२३ मध्ये ते जबलपूरला आले. तिन्हींतून बाहेर पडणाऱ्या तरुणासमोर प्रश्न मात्र एकच असतो. वर्ग इंग्रजीत किंवा हिंदीत झाला. आता झाबुआत भिली, बैतूलकडे गोंडी आणि कोरकू, खांडव्यात निमाडी. केरळातून किंवा झारखंडातून आलेल्या नव्या धर्मगुरूला पहिली दोन वर्षे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते.

पहिली खरी कसोटी बहुधा मयतीला लागते. भोपाळसारख्या शहरात ख्रिस्ती माणसाच्या दफनाला शेजारचे हिंदू येतात, मुसलमान येतात, ऑफिसातले सहकारी येतात. निम्म्यांना ख्रिस्ती प्रार्थना ठाऊक नसतात. तिथे धर्मगुरू किंवा पाळक जे बोलतो ते विधवेला आधार देणारे हवे, उभ्या असलेल्या प्रत्येकाला समजणारे हवे, आणि आपल्या श्रद्धेशी प्रामाणिकही हवे. पुनरुत्थानावरचा सबंध अभ्यासक्रम इथे पाच-सात वाक्यांत उतरवायचा असतो. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी इथे अडखळू शकतो आणि काठावर पास झालेला तरून जाऊ शकतो.

एक मोठी गोष्ट सेमिनरीच्या भिंतींबाहेर राहते. मध्य भारतातल्या दूरच्या पाड्यांवर धर्मगुरू महिन्यातून एकदा पोहोचतो, पावसाळ्यात तेवढाही नाही. मधल्या रविवारी उपासना चालवतो तो गावचाच माणूस. त्याला कुठे प्रचारक म्हणतात, कुठे धर्मशिक्षक. तो शास्त्रपाठ वाचतो, चार शब्द समजावून सांगतो, गाणी उचलतो, आजाऱ्याच्या घरी जातो. दिवसा त्याची स्वतःची शेती असते. त्याने सेमिनरीचे तोंड पाहिलेले नसते, पण त्या गावाला ख्रिस्ती उपासना म्हणून जे माहीत आहे, ते बहुतेक त्याच्याकडूनच. नगरच्या सेमिनरीत ह्यूम ज्यांना शिकवत होते ते उपदेशक याच जातकुळीचे होते.

पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये शास्त्रपाठ वाचणे आणि वेदीसेवा या पदांची अधिकृत नेमणूक स्त्रियांसाठीही खुली केली, आणि त्याच वर्षी १० मे रोजी धर्मशिक्षक हे मंडळीतले रीतसर पद म्हणून प्रस्थापित केले. म्हणजे ज्या बाया कैक वर्षे पाड्यावर गाणी उचलत आणि मुलांना प्रार्थना शिकवत आल्या, त्यांच्या कामाला नाव मिळण्याची सोय झाली. त्यांच्या शिक्षणाचे मात्र अजून बरेच बाकी आहे. सेमिनरीतल्या मुलाला दहा वर्षे मिळतात, आणि पाड्यावर उपासना चालवणाऱ्या बाईला शेतीची कामे आणि घर सांभाळून काही दिवसांचे शिबिर. करिंथच्या पत्राचा अर्थ, गायचा मधला सूर, मयतीच्या घरी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे तिलाही तिच्या भाषेत आणि तिच्या गावाजवळ शिकता यायला हवे. त्यासाठी आष्टा, सतना, जबलपूर आणि पुण्याच्या अध्यापकांना वर्ग सोडून झाबुआ-बैतूलच्या वाटेला लागावे लागेल, आणि शिकवण्याआधी भिली-कोरकूचे धडे गिरवावे लागतील.